एक अंगण, तीन घरे : मेक्सिकोच्या राष्ट्रीय संग्रहालयाची दोनशे वर्षे

मेक्सिकोचे पहिले राष्ट्राध्यक्ष ग्वादालुपे व्हिक्तोरिआ यांनी १८ मार्च १८२५ रोजी राष्ट्रीय संग्रहालय स्थापण्याचा हुकूम काढला. त्या वेळी या संग्रहालयाला इमारत नव्हती, नोकरवर्ग नव्हता आणि सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता. देश स्वतंत्र होऊन चार वर्षेही झाली नव्हती. राजधानीतल्या जुन्या विद्यापीठाने थोडी जागा दिली, इसिद्रो इग्नासिओ दे इकासा यांना अभिरक्षक नेमले आणि कारभार सुरू झाला. आज चापुल्तेपेकच्या वनात उभ्या असलेल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाचा जन्म तो हा. २०२५ मध्ये त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी स्पेनचा 'प्रिन्सेस ऑफ अस्तुरिआस' पुरस्कार, सलोखा विभागातला, या संग्रहालयाला मिळाला. ज्या राजसत्तेच्या विजयाखाली हा सगळा ठेवा गाडला गेला होता, तिच्याच वारसाच्या नावाचा हा पुरस्कार. योगायोग म्हणून सोडून द्यावे असे हे नाही, कारण या संस्थेचा इतिहास पहिल्या दिवसापासून असल्याच गुंत्याने भरलेला आहे.

हुकमावर सही राष्ट्राध्यक्षांची असली तरी त्यामागचे डोके लुकास आलामान यांचे. आलामान हे ग्वानाह्वातोच्या खाणमालक घराण्यातले, स्पॅनिश वंशाचे, पक्के परंपरावादी राजकारणी. स्पॅनिश राजवटीने आपल्याला धर्म, भाषा आणि व्यवस्था दिली असे ते उघड म्हणत आणि लिहीत. १८२३ मध्ये विजेता एर्नान कोर्तेस याची हाडे उकरून काढून त्यांची विटंबना करण्याची भाषा राजधानीत सुरू झाली, तेव्हा आलामान यांनी ती हाडे गुपचूप हलवली आणि इटलीला गेली अशी आवई उठू दिली. प्रत्यक्षात ती हेसूस इस्पितळाच्या चर्चमध्येच लपवलेली होती. तिथल्या भिंतीतून ती पुन्हा सापडली ती १९४६ साली. कोर्तेसची हाडे वाचवणाऱ्या माणसानेच कोर्तेसने जमीनदोस्त केलेल्या देवतांसाठी संग्रहालय काढावे, हे वरवर विसंगत दिसते. मला ते तसे वाटत नाही. नव्या देशाला दोन्ही भूतकाळ लागणार आहेत आणि जमावाच्या हाती दिले तर एकही उरणार नाही, एवढे त्यांनी नीट ओळखले होते.

पण संग्रहालयाची खरी कुळकथा हुकमाच्या पस्तीस वर्षे आधी सुरू होते.

१७९० मध्ये व्हाइसरॉय रेव्हियाहिहेदो यांनी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात फरसबंदी आणि गटारांचे काम काढले. हा चौक म्हणजे मेशिका लोकांच्या (ज्यांना आपण आझ्टेक म्हणतो) तेनोच्तित्लान या राजधानीचे केंद्रस्थान. १३ ऑगस्ट १७९० रोजी मजुरांच्या कुदळी एका प्रचंड शिळेला लागल्या. तेनोच्तित्लान पडले तेही १३ ऑगस्टलाच, १५२१ साली. त्या शिळेतून बाहेर आली कोआत्लिक्वे : अडीच मीटरहून उंच देवी, मुंडके तुटल्यावर उसळलेल्या रक्ताचे दोन साप समोरासमोर येऊन तिचा चेहरा झालेला, गळ्यात माणसांचे हात, हृदये आणि एक कवटी ओवलेली माळ, नेसूचे वस्त्र एकमेकांत विणलेल्या सापांचे. मूर्तीच्या तळव्याखालीही कोरीवकाम आहे. ते जमिनीकडेच तोंड करून राहणार, कोणाच्याही नजरेस पडणार नाही, हे घडवणाऱ्याला पक्के माहीत होते. घडवणाऱ्याचे गिऱ्हाईक माणूस नव्हते, हे तिथे कळते.

चारच महिन्यांनी, १७ डिसेंबरला, त्याच चौकात सूर्यशिला सापडली. साडेतीन मीटरहून अधिक व्यासाची आणि सुमारे २४ टन वजनाची. पुढल्या वर्षी मेशिका राजा तिसोक याची शिळा निघाली. हिचे तुकडे करून फरसबंदीला वापरायचे चालले होते, एका धर्मगुरूने मध्ये पडून थांबवले. आंतोनिओ दे लेओन इ गामा या गणित-खगोलाच्या अभ्यासकाने १७९२ मध्ये पहिल्या दोन शिळांवर पुस्तक लिहिले. मेक्सिकन पुरातत्त्वाची सुरुवात पुष्कळजण या पुस्तकापासून धरतात.

दोन्ही शिळांच्या नशिबी मात्र वेगवेगळे आले. सूर्यशिलेवर वर्तुळे, चिन्हे, दिवसांची गणती. हा दगड म्हणजे 'ज्ञान' असे सर्वांना वाटले आणि तो कॅथेड्रलच्या पश्चिमेकडील मनोऱ्याच्या भिंतीत, रस्त्यावरून दिसेल असा बसवला गेला. तिथे तो ऊनपाऊस खात जवळजवळ शतकभर राहिला. कोआत्लिक्वेकडे पाहून कोणाला ज्ञान आठवले नाही. व्हाइसरॉयने तिला विद्यापीठात पाठवले, प्राध्यापकांनी तिला अंगणात पुरून टाकले. कारण नुसते ओंगळपणाचे नव्हते. शहरातले मूळ रहिवासी तिच्यापाशी येऊ लागले होते, चोरून फुले-मेणबत्त्या ठेवू लागले होते. अडीचशे वर्षांच्या धर्मांतरानंतरही हे घडते आहे म्हटल्यावर धर्मगुरूंच्या पायाखालची जमीन सरकली. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आले. एका बिशपांनी शब्द टाकला म्हणून त्यांच्यापुरती देवीला बाहेर काढण्यात आले आणि ते गेल्यावर पुन्हा माती लोटली. १८२३ मध्ये विल्यम बुलक या इंग्रज प्रदर्शनकाराने तिला परत उकरायला लावले, प्लास्टरचा साचा घेतला आणि पुढच्या वर्षी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये तिची प्रतिकृती तिकीट लावून दाखवली. म्हणजे मेक्सिकोच्या देवीचे पहिले जाहीर प्रदर्शन मेक्सिकोत झालेच नाही.

१८२५ नंतरच्या विद्यापीठाच्या अंगणाचे चित्र त्या काळच्या शिळाछापांत पाहायला मिळते. अंगणाच्या मधोमध होता स्पेनचा राजा चौथा कार्लोस, घोड्यावर स्वार. मानुएल तोल्सा याने घडवलेला हा कांस्यपुतळा आधी मुख्य चौकात होता. स्वातंत्र्यानंतर तो वितळवून तोफा-नाणी पाडावीत अशी ओरड झाली आणि इथेही आलामान आडवे पडले. राजा म्हणून नव्हे, कलाकृती म्हणून त्याला ठेवू, असा युक्तिवाद करून त्यांनी पुतळा अंगणात आणवला. तिथे तो १८५२ पर्यंत होता. लोक त्याला आजही 'एल काबायितो', म्हणजे घोडोबा म्हणावे तसे, म्हणतात. राजाचे नाव कोणी काढत नाही. आणि त्याच अंगणाच्या एका कडेला, लाकडी कठड्यामागे, कोआत्लिक्वे, तिसोकची शिळा आणि इतर दगडी दैवते दाटीवाटीने उभी. स्पेनच्या पहिल्या राजदूताची पत्नी फॅनी काल्देरॉन दे ला बार्का हिने १८४० च्या सुमारास हे संग्रहालय पाहिले आणि तिथल्या अव्यवस्थेबद्दल नाराजी नोंदवली. नाराजी रास्तच होती. पण विजेता आणि जित यांचे अवशेष एकाच उघड्या आभाळाखाली, कोणतीही मांडणी, कोणताही मथळा न देता उभे राहिले ते फक्त त्या अंगणात. पुढे संस्था जसजशी शहाणी होत गेली तसतशी वाटणी होत गेली.

पहिली चाळीस वर्षे तशी कुतरओढीची. १८२७ मध्ये वाल्डेक या चित्रकाराच्या शिळाछापांसह संग्रहातील पुराणवस्तूंचे पहिले प्रकाशन निघाले. १८३१ मध्ये कायद्याने संस्थेला अस्तित्व दिले. मग बंडे, सरकारांची पडझड, १८४७ मध्ये राजधानीत घुसलेले अमेरिकी सैन्य. याच दरम्यान जुनी हस्तलिखिते देशाबाहेर जात होती. लोरेन्सो बोतुरिनी या इटालियन गृहस्थाने १७३६ ते १७४३ या काळात मूळ रहिवाशांची चित्रलिखिते वेड्यासारखी गोळा केली होती. व्हाइसरॉयने त्याला अटक करून सगळा संग्रह जप्त केला आणि पुढे शंभर वर्षे तो संग्रह सरकारी खोल्यांतून झिरपत, गळत, चोरीला जात राहिला. त्यातली काही लिखिते जोसेफ ओबँ या फ्रेंच माणसाने मिळवली आणि १८४० मध्ये पॅरिसला नेली. त्यांपैकी एकाकडे पुढे परत यावे लागणार आहे.

स्थिर घर मिळाले ते परक्या सम्राटाकडून. फ्रेंच सैन्याच्या जोरावर मेक्सिकोच्या गादीवर बसवलेला हाब्सबुर्ग राजपुत्र मॅक्सिमिलियन याने डिसेंबर १८६५ मध्ये राजवाड्याला लागून असलेली जुनी टांकसाळ, मोनेदा रस्त्यावरची, संग्रहालयाला दिली. १८६६ मध्ये ते तिथे उघडले. वर्षभरात मॅक्सिमिलियनला गोळ्या घातल्या गेल्या, संग्रहालय मात्र टांकसाळीत राहिले ते जवळजवळ शंभर वर्षे. १८७७ मध्ये 'आनालेस' हे नियतकालिक सुरू झाले. १८८५ मध्ये सूर्यशिला मनोऱ्यावरून उतरवून इथे आणली आणि १८८७ मध्ये पोर्फिरिओ दिआस यांच्या हस्ते शिळादालनाचे उद्घाटन झाले. दिआस हे तीसेक वर्षे सत्तेला चिकटून राहिलेले हुकूमशहा. त्यांना भव्य दगड हवे होते, कारण भव्य दगडांतून देश भव्य दिसतो. लेओपोल्दो बात्रेस या त्यांच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याने तेओतिवाकानहून जलदेवतेची अवाढव्य मूर्ती इथे आणली. देशभरातून जे जे मोठे, ते ते राजधानीकडे, अशी रीत तेव्हापासून पडली आणि ती संस्थेच्या हाडीमाशी मुरली.

१९१० च्या क्रांतीनंतर संग्रह एवढा फुगला की एका घरात नांदणे अशक्य झाले. निसर्ग-इतिहासाचा भाग १९०९ मध्येच वेगळा निघाला होता. १९३९ मध्ये लासारो कार्देनास यांच्या सरकारने राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्था स्थापन केली. तिचे स्पॅनिश लघुरूप 'इनाह' आज मेक्सिकोतल्या कोणत्याही उत्खननाच्या फलकावर दिसते. वसाहतकाळ आणि स्वातंत्र्योत्तर काळाच्या वस्तू चापुल्तेपेकच्या टेकडीवरील किल्ल्यात नेऊन १९४४ मध्ये तिथे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय उघडले. मॅक्सिमिलियन राहत होता तो हाच किल्ला. पहिली वाटणी झाली : दगडी देव खाली शहरात, व्हाइसरॉयची तैलचित्रे वर टेकडीवर.

या काळातल्या मेक्सिकोत एक मराठी माणूस वावरत होता, त्याचा उल्लेख ओघात करायला हवा. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे इंग्रजांच्या तावडीतून निसटून देशोदेशी भटकत १९२० च्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी मोठे काम केले. तिथल्या माया लोकांच्या पुराणात माणूस मक्यापासून घडला आहे, तेव्हा हे काम तिथल्या कलावंतांच्याही नजरेत भरले. दिएगो रिव्हेरा यांनी खानखोज्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवले. हेच रिव्हेरा आयुष्यभर प्राचीन मूर्ती-मडकी हजारोंनी गोळा करत होते. त्यांचे 'आनावाकायी' हे खासगी संग्रहालय त्यांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये उघडले.

१९६४ हे सालच संग्रहालयांचे. राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांची मुदत त्या वर्षाअखेर संपत होती आणि मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षाला दुसरी संधी नसते. त्यामुळे जे करायचे ते घाईने. चापुल्तेपेकच्या वनात पेद्रो रामिरेस वास्केस, राफाएल मिहारेस आणि होर्हे काम्पुसानो या वास्तुकारांनी एकोणीस महिन्यांत नवे संग्रहालय उभे केले. १७ सप्टेंबरला उद्घाटन झाले.

ही वास्तू घाईत झाली यावर विश्वास बसत नाही. मधोमध लांबलचक चौक, त्याच्या तिन्ही बाजूंनी दालने, पण एका दालनातून दुसऱ्यात जाताना चौकात यायची मुभा कायम. पाय दुखले, डोके भरले की बाहेर पडायचे, आभाळ पाहायचे, मग पुढचे दालन. ही कल्पना उश्मालच्या माया चौकावरून घेतली. चौकाच्या अर्ध्या भागावर एक छत आहे, सुमारे ८२ मीटर लांब आणि ५४ मीटर रुंद, आणि ते एकाच खांबावर तोलले आहे. लोक त्याला छत्रीच म्हणतात. या छत्रीचे वैशिष्ट्य असे की ती पाऊस अडवत नाही, पाडते : खांबाभोवती वरून गोलाकार पाण्याची धार अखंड कोसळत असते. खांबाला चावेस मोरादो बंधूंनी घडवलेले कांस्याचे उठावचित्र मढवलेले आहे. जवळ गेले तर तुषार अंगावर येतात आणि शाळेची पोरे मुद्दाम तिथूनच पळतात. छत्री जिथे संपते तिथे वेतांचे-लव्हाळ्यांचे तळे आहे, मेशिकांच्या सरोवराची आठवण म्हणून, आणि तळ्याच्या समोर मेशिका दालन. त्या दालनाच्या टोकाशी, देव्हाऱ्यातल्या मुख्य मूर्तीच्या जागी, सूर्यशिला.

कवी ऑक्ताव्हिओ पास यांचा आक्षेप नेमका इथेच होता. संग्रहालय उघडले तेव्हा पास दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते. १९६८ मध्ये त्लातेलोल्को चौकात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि १९७० च्या 'पोस्त्दाता'त त्यांनी या वास्तूवर तोंडसुख घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माया, सापोतेक, ओल्मेक, तोल्तेक अशा साऱ्या संस्कृतींना मेशिकांच्या पायऱ्या करून ठेवले आहे, आणि मेशिकांची पूजा म्हणजे मध्यवर्ती सत्तेचीच पूजा. टीका तिखट आहे आणि बरीचशी खरी आहे. त्यात माझी एक भर : तळमजल्यावर प्राचीन संस्कृती, वरच्या मजल्यावर त्याच प्रदेशांतल्या आजच्या मूळ रहिवाशांचे जीवन, अशी मांडणी आहे. खालच्या दालनांत गर्दी उसळते, वरची ओस पडतात. मेलेल्या आदिवासीचा अभिमान आणि जिवंत आदिवासीचा विसर, हे काही मेक्सिकोपुरतेच नाही.

नव्या वास्तूच्या दाराशी त्लालोकची शिळा उभी आहे. सात मीटर उंच, सुमारे १६८ टन वजनाची, घडवता घडवता अर्धवट राहिलेली. ही त्लालोक, म्हणजे पर्जन्यदेव, की त्याची जोडीदारीण जलदेवता चाल्चिउत्लिक्वे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तेस्कोकोजवळच्या कोआत्लिंचान गावाच्या ओहोळात ती शतकानुशतके आडवी पडली होती. गावकरी तिच्या अंगावरच्या खळग्यांतले पाणी औषधी मानत, सहलीला तिथे जात, पोरे तिच्या पोटावर खेळत. सरकारने तिला संग्रहालयासाठी नेण्याचे ठरवले आणि खास तिच्यासाठी वाहन बांधले. गावकऱ्यांनी काही दिवस नुसते पाहिले, मग एके रात्री उठून वाहनाच्या टायरांची हवा सोडली, दोरखंड तोडले. सरकारने सैन्य पाठवले. बदल्यात गावाला रस्ता, शाळा, दवाखाना मिळाला. हा व्यवहार राजीखुशीचा होता असे आजही गावातले म्हातारे म्हणत नाहीत. १६ एप्रिल १९६४ रोजी शिळा निघाली. एप्रिल म्हणजे तिथला ऐन कोरडा मोसम. रात्री ती राजधानीच्या मुख्य चौकात पोचली, दुतर्फा हजारो लोक, आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस. मेक्सिको शहरात ही गोष्ट आजही कोणीही टॅक्सीवाला सांगतो, आणि पावसाचा भाग सांगताना आवाज चढवतो.

संग्रहालयाचे उद्घाटन झाल्यावर दोनच दिवसांनी, १९ सप्टेंबर १९६४ रोजी, राजधानीच्या उत्तरेला तेपोत्सोत्लान येथे व्हाइसरॉयकालीन राष्ट्रीय संग्रहालय उघडले. हे तिसरे घर. स्वातंत्र्योत्तर इतिहास किल्ल्यात, प्राचीन संस्कृती वनात, आणि स्पॅनिश राजवटीची तीनशे वर्षे या जुन्या जेझुइट मठात. वाटणी पुरी झाली.

तेपोत्सोत्लानला जाणाऱ्या मराठी वाचकाने, त्यातही गोव्याच्या, चर्चच्या दारात थोडे थांबावे. चर्च सान फ्रान्सिस्को हाविएरचे आहे, म्हणजेच जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमध्ये ज्यांचे शव आहे त्या सेंट झेव्हियर यांचे. जेझुइटांनी सोळाव्या शतकात हा मठ काढला तो मूळ रहिवाशांच्या भाषा शिकायला, नावात्ल आणि ओतोमी, कारण प्रवचन त्यांच्या भाषेत द्यायचे तर दुसरा उपाय नव्हता. कोकणी-मराठी शिकून पुराण रचणारे फादर स्टीफन्स सासष्टीत होते तो काळही हाच, आणि संघही हाच. १७६० च्या सुमारास चर्चची दर्शनी बाजू नव्याने कोरली गेली आणि आतल्या वेद्यांना जमिनीपासून छतापर्यंत सोन्याच्या वर्खाची लाकडी कोरीव पडदी चढली. एवढी की नजरेला टेकायला मोकळी जागा मिळत नाही. हे वैभव पुरे झाले न झाले तोच, १७६७ मध्ये, स्पेनच्या राजाने जेझुइटांना साऱ्या साम्राज्यातून हाकलले.

मठाच्या खोल्यांत मनिलाच्या गलबतांतून अकापुल्कोला उतरलेल्या आशियाई हस्तिदंती संतमूर्ती आहेत, चिलखते आहेत, नवसाची चित्रे आहेत. पण वेळ द्यावा तो एका लहानशा चित्राला. येशू जगाचा तारणहार म्हणून एका हाताने आशीर्वाद देतो आहे, दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल. ठराविक युरोपी विषय. फक्त यात रंग नाही, पिसे आहेत. हमिंगबर्ड आणि इतर पक्ष्यांची पिसे कात्रून, आगावेच्या कागदावर आणि कापसावर ऑर्किडच्या कंदांच्या चिकाने एकावर एक बसवून हे चित्र केले जाई. कारागीर म्हणजे 'आमान्तेका', मेशिका राजांच्या ढाली-मुकुट करणाऱ्या पेशातले. देव बदलला तरी पेशा तोच राहिला. समोर उभे राहून पाहिले तर वस्त्र काळपट दिसते. पाऊलभर बाजूला सरकले की तेच वस्त्र निळे होते, आणखी सरकले की हिरवे. पूर्वजांच्या मते पिसांतले हे चमकणे म्हणजेच देवत्व होते. ख्रिस्ती फादरांनी ते ख्रिस्तासाठी वापरून घेतले, की कारागिरांनी ख्रिस्ताला आपल्या देवत्वात ओढून घेतले, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही. ते 'व्हाइसरॉयकालीन' म्हणून तेपोत्सोत्लानला ठेवले आहे, आणि याच पेशातल्या पिसांच्या मुकुटाची नक्कल 'प्राचीन' म्हणून चापुल्तेपेकला. कारभाराच्या सोयीसाठी वाटणी हवी, हे मान्य. पण वस्तूंना कोणी विचारलेले नाही. राजधानीतल्या कितीतरी वसाहतकालीन खांबांचे बैठकीचे दगड उलटे केले तर खाली पृथ्वीदेवतेचे कोरीव तोंड निघते. असे दगड कोणत्या घरचे?

१९७८ मध्ये जुनी सवय मोडली. २१ फेब्रुवारीच्या पहाटे कॅथेड्रलमागच्या कोपऱ्यावर खोदणाऱ्या वीज कंपनीच्या कामगारांना कोयोल्शाव्कीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा लागली : भावाने तुकडे करून डोंगराखाली लोटलेली चंद्रदेवता, हात-पाय-मुंडके सुटे. तिच्यामागोमाग मेशिकांचे महामंदिर उघडे पडू लागले. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि शिळा चापुल्तेपेकला न नेता तिथेच, मंदिराच्या अवशेषांशेजारी, १९८७ मध्ये नवे संग्रहालय बांधले. वास्तुकार पुन्हा रामिरेस वास्केसच. कोआत्लिंचानला झालेला विरोध कोणाच्या तरी लक्षात होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच्या दोन वर्षे आधी संस्थेच्या इतिहासातली सर्वांत नामुष्कीची रात्र येऊन गेली होती. १९८५ च्या नाताळच्या पहाटे, पहारेकरी सणाच्या नादात असताना, पशुवैद्यकाचे शिक्षण सोडलेले दोन तरुण वातानुकूलनाच्या मार्गाने आत शिरले आणि मेशिका, माया व वाहाका दालनांतल्या शंभराहून अधिक वस्तू पिशव्यांत भरून घेऊन गेले. त्यांत पालेन्केच्या पाकाल राजाचा जेडचा मुखवटा होता. आल्बेर्तो रुस यांनी १९५२ मध्ये मंदिराच्या पोटातल्या थडग्यातून काढलेला तो हाच. गजर बंद होता. आंतरराष्ट्रीय टोळ्यांवर संशय घेतला गेला, विमानतळ-बंदरे पिंजून काढली. वस्तू मात्र राजधानीच्या एका उपनगरात, घरातल्या कपाटात पडून होत्या. १९८९ मध्ये बहुतेक परत मिळाल्या.

दुसरी चोरी उलट्या दिशेची आहे आणि मेक्सिकोत तिला चोरी म्हणायला लोक कचरतात. ओबँने पॅरिसला नेलेल्या लिखितांत 'तोनालामात्ल' ही दैवी पंचांगाची पोथी होती. १९८२ मध्ये एका मेक्सिकन पत्रकाराने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती पाहायला मागवली, कपड्यांत लपवली आणि मायदेशी आणली. फ्रान्सने तक्रार केली, मेक्सिकोने पोथी ताब्यात घेतली पण परत पाठवली नाही. वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर ती मेक्सिकोतच राहिली. आज ती या संग्रहालयाच्या इमारतीतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास ग्रंथालयाच्या ताब्यात आहे.

व्हिएन्नातल्या मुकुटाचे मात्र असे काही जमलेले नाही. केत्साल पक्ष्याच्या लांब हिरव्या पिसांचा, मेशिका सम्राट मोक्तेसुमाचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा मुकुट सोळाव्या शतकापासून ऑस्ट्रियात आहे. तो मोक्तेसुमाने कधी डोक्यावर घातला होता याला पुरावा नाही. २०१० नंतर दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून त्याची डागडुजी केली आणि निष्कर्ष काढला की विमानाचा वा रस्त्याचा हादरा त्याला सोसणार नाही. २०२० मध्ये मेक्सिकोने तो काही काळापुरता तरी मागितला. उत्तर तेच मिळाले. मेशिका दालनात आहे ती १९४० साली केलेली नक्कल, आणि रोज सर्वाधिक फोटो बहुधा तिच्यासमोरच निघतात. कोआत्लिंचानच्या चौकातही आता त्लालोकची नक्कल बसवलेली आहे, आणि खरी शिळा परत द्या ही गावाची मागणी अधूनमधून संग्रहालयाकडे येतच असते.